आवाज येतो, चित्र काळं: टीव्ही बॉक्सवर वेबपानातला व्हिडिओ

तुमची अडचण मला समजली ती अशी: वेबपानात आयफ्रेमने (पानात दुसरं पान दाखवणारी चौकट) बसवलेला व्हिडिओ मोबाइल आणि लॅपटॉपवर छान चालतो, पण अँड्रॉइड बॉक्सच्या ब्राउझरमध्ये नुसता आवाज येतो आणि चित्राच्या जागी काळा चौकोन. बॉक्स दोनदा फॅक्टरी रीसेट केलात, एचडीएमआय केबलही बदललीत.

आधी ते रीसेट करणं थांबवा. आवाज येतोय म्हणजे नेट आहे, पान उघडलंय, प्लेअरही सुरू झालाय. रीसेटने फक्त सगळी लॉगिनं पुन्हा करावी लागतात. केबलचाही विषय सोडा, बॉक्सचा मेनू दिसतोय ना? (कॉपी-संरक्षण असलेल्या व्हिडिओंची गोष्ट वेगळी, तुमचा तसा नाही असं धरून चालतो.)

उरले दोन संशयित: कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची आणि उलगडायची पद्धत), नाहीतर चित्राचा थर (पडद्यावर व्हिडिओ ज्या पातळीवर काढला जातो ती). यातला कोणता ते पाच मिनिटांत कळतं. आयफ्रेम दुसऱ्या डोमेनची (वेबसाइटच्या पत्त्याची) असेल तर तिच्या आतलं काही वाचता येत नाही, म्हणून तीच फाइल साध्या व्हिडिओ टॅगमध्ये टाकून एक कोरं पान बनवा. बॉक्सवर कन्सोल (ब्राउझरची तपासणीची खिडकी) उघडणं म्हणजे कटकट, त्यापेक्षा व्हिडिओ सुरू झाल्यावर त्याची 'व्हिडिओविड्थ' (videoWidth, चित्राची पिक्सेलमधली रुंदी) ही किंमत पानावरच मोठ्या अक्षरांत छापा. ० आली तर बहुधा चित्राचा ट्रॅक बॉक्सने घेतलेलाच नाही, म्हणजे कोडेक. १२८० किंवा १९२० असा खरा आकडा आला आणि तरी काळंच, तर थराकडे बोट दाखवायला हरकत नाही.

कोडेक असेल तर: बॉक्सचा प्रोसेसर किरकोळ असतो, व्हिडिओ उलगडायचं काम चिपमधला हार्डवेअर डीकोडर करतो. त्याला जे फॉरमॅट येतात तेवढेच येतात, नंतर शिकवता येत नाहीत. लॅपटॉप मात्र न येणारा फॉरमॅटही सॉफ्टवेअरने रेटून नेतो, म्हणून 'लॅपटॉपवर चालतं' हा पुरावा इथे बाद. जुन्या बॉक्सना एव्ही१ हा फॉरमॅट येत नाही, काहींना व्हीपी९ही नाही. एच.२६४ जवळपास सगळ्यांना येतो, पण तो ८-बिट, ४:२:० (रंगांची माहिती साठवायची नेहमीची पद्धत) असला तर. एडिटिंगमधून चुकून १०-बिट एक्स्पोर्ट झालेली फाइल नावाला एच.२६४च असते आणि बॉक्स तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. १०८०पी, ६० फ्रेमच्या फाइलला लेव्हल (एच.२६४ची क्षमतेची पायरी) ४.२ लागते, बऱ्याच जुन्या चिपा ४.१ वर थांबतात. ७२०पी, ३० फ्रेम, एच.२६४चं मेन प्रोफाइल, ८-बिट, आवाज एएसी फॉरमॅटमध्ये अशी एक फाइल काढून बघा. ती चालली तर शोध संपला.

थराची भानगड जास्त मजेशीर आहे. अनेक बॉक्सवर व्हिडिओ पानाच्या चित्रात मिसळतच नाही. डीकोडर तो पानाच्या खालच्या वेगळ्या थरावर काढतो आणि ब्राउझर वर पानात तेवढंच पारदर्शक भोक पाडतो. त्या भोकाची गडबड झाली की खाली व्हिडिओ चालू, वर काळोख. मी एकदा दोन संध्याकाळी घालवल्या आणि शेवटी सापडलं काय, तर डिझायनरने हौसेने दिलेले १२ पिक्सेलचे गोल कोपरे! ती एक ओळ काढली आणि चित्र हजर. गोल कोपरे, ओपॅसिटी (पारदर्शकता), ट्रान्सफॉर्म (फिरवणं, लहान-मोठं करणं), वर पसरलेला अदृश्य डिव्ह (पानातला चौकोनी कप्पा), सगळं काढून बघा. फुलस्क्रीन केल्यावर चित्र आलं तर समजा दोष पानाच्या मांडणीतच आहे.

आणखी एक, हे पटकन लक्षात येत नाही. पानाच्या डोक्यावर आवाज बंद करून फिरत राहणारा सजावटीचा व्हिडिओ आहे का? स्वस्त बॉक्सवर डीकोडर बहुधा एकच. तो आधीच अडकला असेल तर तुमच्या व्हिडिओला रिकाम्या हाताने परत जावं लागतं.

आवाजही न येता नुसतं चक्र फिरणारे बॉक्स असतील, तर त्यांचा रोग वेगळा. एचटीटीपीएस पानात साध्या एचटीटीपीची लिंक आहे का बघा. आपोआप सुरू व्हायला हवा असेल तर 'म्यूटेड' लावा, क्रोमने २०१८ पासून आवाजासकट ऑटोप्ले अडवलाय. आणि बॉक्सची तारीख बघा, खरंच बघा. बऱ्याच बॉक्सच्या घड्याळाला बॅटरी नसते, वीज जाऊन आली की माझ्याकडचा एक थेट १९७० मध्ये जायचा आणि वेबसाइटची सगळी सुरक्षा प्रमाणपत्रं त्याला 'अजून लागू नाहीत' अशी वाटायची. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीचा बॉक्स असेल तर त्याच्या विश्वासू प्रमाणपत्रांच्या मूळ यादीत लेट्स एन्क्रिप्टचं (वेबसाइटना फुकट प्रमाणपत्रं देणारी संस्था) आताचं रूट, म्हणजे मुळातलं, प्रमाणपत्रच नसतं, तिथे तारीख सुधारूनही भागणार नाही.

ती व्हिडिओविड्थ किती आली, फुलस्क्रीनमध्ये काय झालं आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये वेबव्ह्यूची (अ‍ॅपमध्ये वेबपानं दाखवणारा अँड्रॉइडचा भाग) कोणती आवृत्ती दिसते, एवढं इथे टाका. मग पुढचं बघू.