रेडिओ कुठल्या भिंतीला होता?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

जुन्या दिवसांतल्या रेडिओ, सिनेमा, टीव्हीच्या आठवणी बाराजणांना विचारून पुस्तिकेसाठी लिहिलेली तुझी चौदा पानं मिळाली. दोनदा वाचली, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. ‘ते दिवसच वेगळे होते’ हे वाक्य सात ठिकाणी सापडलं. त्यातली तीन आजी-आजोबांच्या तोंडची आहेत, ती राहू देत. म्हातारी माणसं असंच बोलतात, मीही बोलते. उरलेली चार तुझी. ती खोडली आहेत, रागावू नकोस.

अजून किती जणांना भेटू म्हणजे पुस्तिका पुरी होईल, असं तू विचारलं आहेस. नवीन कुणाला भेटू नकोस. जे बाराजण भेटले त्यांच्याकडेच परत जा. पहिल्या भेटीत माणूस नातवंडांना शंभरदा सांगून गुळगुळीत झालेली गोष्ट तुझ्यापुढे ठेवतो. दुसऱ्यांदा गेलास की तीच गोष्ट परत सांगायची त्याला लाज वाटते, मग तो जरा खाली हात घालतो.

आणि ‘तेव्हा कसं होतं?’ हा प्रश्न वहीतून काढून टाक. त्याला ‘छान होतं’ याखेरीज उत्तर येत नाही. रेडिओ कुठल्या भिंतीला होता, ते विचार. त्याला हात लावायची परवानगी कुणाकुणाला होती? सेल संपले की कोण आणायचं, आणि पैसे नसले की काय करायचे? (उन्हात ठेवायचे. खिडकीत दोन दिवस सेल वाळत घातले की आणखी अर्धा तास कुरकुरत चालायचे. तुझ्या बाराजणांपैकी किमान आठजणांनी हे केलं असणार, पण एकानंही सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस.)

हे तुला सांगण्याआधी मी स्वतःवर करून पाहिलं. आमचं साताऱ्यातलं बिऱ्हाड कागदावर काढलं. माजघराचं दार, ओटा, आणि पुढच्या खोलीत डाव्या हाताच्या भिंतीला फळी. फळीवर रेडिओ, वर आत्यानं भरलेलं कापड. खोलीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एरियलची तांब्याची जाळीदार पट्टी. बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. आतले व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, तापेपर्यंत थांबायचं, मग घरघर, आणि मग कुणीतरी लांबून चालत आल्यासारखा आवाज. वर्षाला पंधरा रुपये भरून पोस्टातून त्याचा परवाना घ्यावा लागे. परवान्याची वही वडिलांच्या कपाटात, घराच्या कागदपत्रांबरोबर असे. बटणाला हातही फक्त वडिलांचा.

बुधवारी वडील भजनाला जात. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागे, आणि त्या एका रात्री बटण आईकडे. अमीन सयानींचं ‘बहनों और भाइयों’ ऐकायला आमच्या खोलीत वाड्यातल्या बायका जमत. सिलोन शॉर्टवेव्हवर, त्यामुळे गाणं लाटांवर बसून येई. ऐन अंतऱ्यात ते पाण्यात बुडावं तसं बुडायचं आणि सगळ्या बायका मिळून उरलेली ओळ म्हणायच्या. ते वर आलं की गप्प. मला त्या कार्यक्रमातलं कुठलं गाणं कितव्या पायदानावर होतं हे एकही आठवत नाही. बायकांनी भरलेली ती गाळलेली जागा मात्र कानात आहे.

इथपर्यंत तुझ्या पुस्तिकेत शोभेल असं झालं. पण कागदावर खोली काढताना मी माणसंही काढत होते. आई रेडिओजवळ, आत्या खाली, शेजारच्या दोघी दाराशी, आम्ही पोरं पायांत. आणि उंबऱ्याच्या बाहेर एक बाई. वाड्याचं अंगण आणि संडास झाडायला येणारी. सकाळी यायची, पण बुधवारी रात्री परत यायची, गाण्यांसाठी. ती बाहेर उभी असायची, उभीच. तिला कुणी ‘आत ये, बस’ म्हटल्याचं मला आठवत नाही. मीही म्हटलं नाही. मी दहा-अकरा वर्षांची होते, एवढीच काय ती सबब.

‘सगळा वाडा एकत्र बसून गीतमाला ऐकायचा’ हे वाक्य मी चाळीस वर्षं लोकांना ऐकवत आले आहे. तुलाही ऐकवलं आहे. तुझ्या पान तीनवर ते आहे, माझ्या नावानं. तिथे दुरुस्ती कर.

म्हणून वहीत एक प्रश्न वाढव: बाहेर कोण उभं असायचं? सरळ विचारू नकोस, लोक आकसतील. खोली काढून घे आणि पेन त्यांच्या हातात दे. तंबूतल्या सिनेमाबद्दल बोलतील तेव्हा बायकांची आणि पुरुषांची बाजू वेगळी करणारी कनात कुठे होती ते विचार, आणि गावातल्या कुठल्या आळीतली माणसं कुठे बसायची तेही. काही जण विषय बदलतील. तो बदललेला विषयही लिहून ठेव.

आता सालांचा घोळ. पान सहावर आजोबा सांगतात की १९८० साली त्यांच्याकडे सगळं गाव रामायण बघायला यायचं. रामायण मालिका सुरू झाली २५ जानेवारी १९८७ ला. आजोबा खोटं बोलत नाहीत, गर्दी खरी, हार घातलेला टीव्हीही खरा, कॅलेंडर मात्र सरकलं आहे. तेव्हा माणसाला साल विचारूच नये. खुंट्या विचाराव्यात. पुण्याचा माणूस असेल तर ‘पानशेतच्या आधी की नंतर?’ धरण फुटलं तो १२ जुलै १९६१ पुण्यात कुणी विसरत नाही. आपल्याकडे सातारा-कराडला ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हा रेडिओ होता का?’ म्हणजे ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. ‘बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही कितवीत होता?’ तेव्हा मदत म्हणून मिळालेली सुकडी आणि तांबडा मिलो (परदेशी ज्वारी) खाल्लेला माणूस याचं उत्तर बिनचूक देतो. ‘इंदिराबाई गेल्या तेव्हा तुमच्याकडे टीव्ही होता का?’ ही ३१ ऑक्टोबर १९८४ ची खुंटी. या चार खुंट्यांवर बहुतेक आयुष्यं टांगता येतात.

एक गंमत सांगते. तुझ्या त्या क्रिकेटवेड्या काकांनी कपिल देवचे झिंबाब्वेविरुद्धचे नाबाद १७५ टीव्हीवर पाहिल्याचं सांगितलं आहे ना? षटकारांचं वर्णन सुरेख केलं आहे. तो सामना १८ जून १९८३ ला टनब्रिज वेल्सला झाला, आणि त्याचं चित्रीकरणच झालं नाही. त्या दिवशी बीबीसीत संप होता असं सांगतात. काकांना हे सांगून ओशाळं करू नकोस. पेपरात वाचलेलं, मित्रांकडून ऐकलेलं आणि आठवड्याभरानंतर खरंच पाहिलेला अंतिम सामना असं सगळं त्यांच्या डोक्यात एकत्र शिजलं आहे. वर्णन छापच, खाली एक ओळ टाक.

लग्नानंतर मी परळला आले. १९७७ साल, दुसऱ्या मजल्यावरची दहा बाय बाराची खोली, हे गिरणीत, मी वाचनालयात. मुंबई दूरदर्शन सुरू होऊन (२ ऑक्टोबर १९७२) पाच वर्षं झाली होती, तरी आमच्या मजल्यावर टीव्ही एकच. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट. ज्यांचा टीव्ही त्या वहिनींबद्दल तुला सांगायचं आहे, कारण तुझ्या चौदा पानांत टीव्ही बघणारे पुष्कळ आहेत, पण ज्यांच्या घरी बघायचे त्यांच्याकडे तू गेलेलाच नाहीस.

त्या वहिनी शनिवारी दुपारी तीनलाच रात्रीचा स्वयंपाक उरकायच्या, कारण पाचनंतर स्टोव्ह पेटवायला जागा राहत नसे. पिण्याचं पाणी चार कळशा जास्तीचं भरून ठेवायच्या. नळ पहाटे यायचा, म्हणजे त्या चार कळशांसाठी पहाटे अर्धा तास अधिक. खाट उभी करून गॅलरीत न्यायची, तिच्यावरच्या आजारी सासऱ्यांना शेजारी निजवायचं. पोरं पुढे, बायका मागे, पुरुष दारातून आणि खिडकीतून. मध्येच चित्रपट थांबवून बातम्या लागल्या की पोरं लघवीला धावत आणि येताना कुणाच्यातरी चपला घालून येत. चित्रपट संपला की केर काढायला वहिनीच. एकदा मी पुढचं काय होतं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, ‘मला काय माहीत, मी मोरीत उभी होते.’ स्वतःच्या घरच्या टीव्हीवर त्यांनी शनिवारचा एकही चित्रपट सलग पाहिला नसेल.

अशी बाई तुझ्या बाराजणांत शोध. हमखास असेल, आणि ती म्हणेल, ‘माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे?’ तिच्याकडे दोन तास बस.

तू साल-वार एक तक्ता केला आहेस, त्यात १९८२ समोर ‘रंगीत टीव्हीचं आगमन’ असं लिहिलं आहेस. बरोबर आहे, त्याच वर्षी दिल्लीला एशियाड झालं आणि देशात रंग आला. पण माझ्या १९८२ मध्ये काय झालं ते सांगते. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पहिले दोन-तीन महिने चाळीत सुट्टी असल्यासारखं होतं, पत्ते, कॅरम, गॅलरीत हसणं. मग वाण्याची उधारी बंद झाली. मग माणसं गावी जायला लागली. पावसाळ्यानंतर एका सकाळी वहिनींचा टीव्ही चादरीत गुंडाळून दोघांनी जिन्यानं खाली नेला. कितीला गेला ते आम्ही विचारलं नाही. देशात रंगीत टीव्ही आला त्या वर्षी आमच्या मजल्यावरचा काळा-पांढरा गेला. तुझ्या तक्त्यात या दोन्हींना जागा हवी. एकाच रकान्यात मावत नसेल तर तक्ता मोडून टाक.

त्या वर्षी गणपतीत रस्त्यावर पडदा लागला की नाही, यावर माझं आणि ह्यांचं अजून भांडण आहे. मी म्हणते लागला, हे म्हणतात वर्गणीच नव्हती. एरवी मात्र दरवर्षी लागायचा. रस्त्याच्या मधोमध पांढरं कापड, एका बाजूला मशीन, दोन्ही बाजूंना माणसं. उशिरा येणाऱ्यांना पडद्याच्या मागची बाजू मिळे, तिथून नावं उलटी दिसत आणि नायक डाव्या हातानं ठोसे मारी. माझा धाकटा दीर बरीच वर्षं एका नटाला डावखुरा समजत होता. हे दोन ओळींत टाक, जास्त फुलवू नकोस. गणपतीतल्या सिनेमावर सगळ्यांनीच लिहून ठेवलं आहे.

किमतींबद्दल एक कडक सूचना. ‘चार आण्यात वडापाव’, ‘बारा आण्यात पिक्चर’ हे नुसतं छापायचं नाही. शेजारी त्या माणसाचा तेव्हाचा पगार किंवा रोज लिही. नसेल आठवत तर किंमतही गाळ. आणि आण्यांवरून काळ ठरवायला जाऊ नकोस. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, तरी पंचवीस पैशांना चार आणे म्हणणारी माणसं ते नाणं २०११ मध्ये चलनातून जाईपर्यंत तसंच म्हणत होती.

पुस्तकांचं मी लिहू लागले तर हे पत्र संपणार नाही, वाचनालयात सत्तावीस वर्षं काढली आहेत. एवढंच सांगते की दिवाळी अंकांच्या आठवणी गोळा करताना ‘कोणते अंक वाचायचात’ हे विचारू नकोस. सगळे वजनदार नावं घेतात. आमच्या नोंदवहीत वेगळंच दिसे. चावट चित्रांच्या खिडक्या असलेला ‘आवाज’ सगळ्यात मळका होऊन परत यायचा, आणि विचारलं तर तो कुणीच नेलेला नसायचा. घरात अंक कुठे लपवत होतात ते विचार.

तू शेवटी लिहिलं आहेस की हे सगळं ऐकताना आपण काहीतरी हुकलो असं वाटतं. वाटू दे. मलाही वहिनींच्या खोलीतल्या त्या गर्दीचा उबारा अजून हवासा वाटतो, चार कळशांचा हिशोब कळल्यावरही. मात्र गर्दीतल्या पोराला तो उबारा फुकट मिळत होता, आणि मी तेव्हा बसलेल्यांतली होते, हे तुला माहीत असावं.

आता तुझ्या आजीबद्दल. तिची मुलाखत सगळ्यात लहान आहे, पाऊण पान. आजोबांची साडेतीन. तुमच्या माळ्यावर तो जुना रेडिओ अजून आहे, मागच्या दिवाळीत मी पाहिला. त्याच्या पाठीमागच्या पुठ्ठ्यात किंवा जवळच्या ट्रंकेत परवान्याची वही असेल. असे कागद त्या पिढीनं टाकले नाहीत, पोस्टाचा शिक्का होता ना त्यांच्यावर. वहीवर नाव आजोबांचं असेल. ती घेऊन आजीकडे जा, दुपारी, आजोबा झोपलेले असताना, आणि एवढंच विचार की ते घरी नसताना रेडिओ कोण लावायचं.

वहीचा फोटो मला पाठव. चष्मा बदलला आहे, आता बारीक अक्षर दिसतं.

तुझी,
काकू