मोठ्या आर्थिक संघात गेल्यावर शेतीचं काय होतं? पोलंडमध्ये दिसलेलं उत्तर

प्रश्न असा आहे: एखादा देश युरोपीय संघासारख्या मोठ्या आर्थिक संघात सामील झाला की तिथला शेतकरी तरतो की बुडतो? आणि भारताने असं काही केलं तर?

दोन्ही होतं, आणि बऱ्याचदा एकाच गावात. मी मूळचा तासगावकडचा. सध्या पोलंडमध्ये, वॉर्सोच्या दक्षिणेला ग्रुयेत्स भागात, सफरचंदाच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट बनवणाऱ्या एका कारखान्यात खरेदी बघतो. शेतकरी ट्रॉली घेऊन गेटवर येतो तेव्हा त्याला आजचा भाव सांगणारा माणूस मीच. त्यामुळे माझं उत्तर पोलंडभोवतीच फिरणार, आणि त्यात खरेदीदाराची नजर असणार, हे धरून चाला.

निम्मं उत्तर एकाच गोष्टीवर ठरतं: संघात जाण्याआधी त्या देशातले शेतमालाचे भाव संघातल्या भावांपेक्षा वर होते की खाली?

फिनलंड १ जानेवारी १९९५ रोजी संघात गेला. त्याआधी तिथल्या सरकारने बाहेरचा माल अडवून शेतमालाचे भाव चांगलेच चढे ठेवले होते. भाव हळूहळू उतरवायला मुदत मिळाली नाही. ३१ डिसेंबरला झोपलेला शेतकरी १ जानेवारीला उठला तेव्हा त्याच्या धान्याचा भाव जवळपास निम्म्यावर आलेला होता. मग सरकारने खिशातून भरपाई दिली, उत्तरेकडच्या थंड भागासाठी कायमच्या मदतीची परवानगी संघाकडून भांडून घेतली. तरी पुढच्या पंचवीस वर्षांत तिथल्या शेतकऱ्यांची संख्या निम्म्यावर आली.

एस्टोनियाचं उलटंच. नव्वदच्या दशकात त्यांनी आयात शुल्क जवळजवळ काढूनच टाकलं होतं. २००४ मध्ये संघात जाताना ते परत लावावं लागलं. साखर महागणार हे कळल्यावर लोकांनी घराघरांत साखर भरून ठेवली, व्यापाऱ्यांनी तर गोदामंच भरली. संघाने हा जादा साठा मोजला आणि त्यापायी एस्टोनियाला कोट्यवधी युरोंचा दंड ठोठावला. जॅमसाठी साखर ठेवणाऱ्या आजीबाईंचा राग तिकडे अजून गेलेला नाही म्हणतात.

पोलंड १ मे २००४ रोजी आणखी नऊ देशांबरोबर आत आला. इथले भाव संघापेक्षा खाली होते. त्यामुळे सीमा उघडल्यावर जर्मनीतून माल इकडे लोटण्याऐवजी जर्मन आणि इटालियन व्यापारीच इकडे आले. गोमांसाच्या जनावरांचे भाव त्याच वर्षी झपाट्याने चढले, दुधाचेही वाढले.

आदल्या वर्षापर्यंत गावागावांत भीती होती. आंजेय लेपेर नावाचे एक शेतकरी नेते रस्ते अडवून सांगत होते की ब्रुसेल्स, म्हणजे युरोपीय संघाचं मुख्यालय, पोलिश शेतकऱ्याला गिळणार. जर्मन येऊन जमिनी विकत घेतील, ही भीती तर इतकी खरी होती की परदेशी लोकांना शेतजमीन विकण्यावर पोलंडने १२ वर्षांची मुदत मागून घेतली. ती मुदत १ मे २०१६ ला संपत होती, आणि ती संपायच्या आत सरकारने असा कायदा केला की शेतजमीन घ्यायची तर साधारणपणे स्वतः शेतकरी असावं लागतं. आपल्याकडे कूळकायद्यामुळे ही कल्पना कोणाला नवी वाटायची नाही.

आता पैशांकडे. संघाचं शेतकऱ्याला मिळणारं थेट अनुदान नव्या देशांना पहिल्या दिवसापासून पूर्ण मिळालं नाही. २००४ मध्ये जुन्या सदस्यांच्या २५ टक्के, मग ३०, मग ३५, असं करत २०१३ मध्ये शंभर टक्के. म्हणजे एकाच बाजारात फ्रान्सचा शेतकरी पूर्ण अनुदान घेऊन उतरणार आणि पोलंडचा पाव. यावर डिसेंबर २००२ मध्ये कोपनहेगनला झालेल्या संघाच्या बैठकीत शेवटच्या तासापर्यंत घासाघीस चालली. तोडगा असा निघाला की पोलंडने स्वतःच्या तिजोरीतून वर भर घालावी. पहिल्या वर्षी हेक्टरला सुमारे २१० झ्वॉटी (पोलंडचं चलन) संघाचे, आणि ठरावीक पिकांना वरचे सुमारे २९० पोलंड सरकारचे. त्यासाठी जवळपास १४ लाख शेतकऱ्यांनी अर्ज भरले. ज्यांनी आयुष्यात सरकारी कागद म्हणून फक्त कराची पावती पाहिली होती, ते गावच्या शाळेत बसून शेताचे नकाशे रंगवत होते. बांध, झुडपं, ओढा वजा करून क्षेत्र लिहायचं. विमानातून काढलेल्या फोटोशी जुळलं नाही तर अनुदानात कपात. गाईच्या कानात बिल्ला आणि तिचा स्वतंत्र पासपोर्ट.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे पैसे मालावर मिळत नाहीत, जमिनीवर मिळतात. किती पिकवलं हे जवळपास कोणी विचारत नाही, किती हेक्टर आहे हे विचारतात. त्यातून तीन गोष्टी झाल्या.

ज्याच्याकडे जमीन जास्त त्याला पैसे जास्त. संपूर्ण संघात थेट अनुदानाचा सुमारे ८० टक्के भाग २० टक्के शेतकऱ्यांकडे जातो, हे आता संघाचे अधिकारीही मान्य करतात. दुसरं, जमिनीचे भाव. पोलंडमध्ये वीस वर्षांत शेतजमीन आठ-दहापट महागली. ज्याला विकायची होती तो सुखावला; ज्या तरुणाला वाढवायची होती त्याच्या हाती काही लागलं नाही. आणि तिसरं, कागदावरचा शेतकरी. संघाचा नियम म्हणतो की पैसे जो प्रत्यक्ष कसतो त्याचे. पण इथे तोंडी खंडकरार सर्रास चालतात. मालक शहरात बसून अर्ज भरतो, कसणारा वेगळाच. अशांना लोक ‘मार्शाव्कोव्स्का रस्त्यावरचे शेतकरी’ म्हणतात; तो वॉर्सोतला ऐन मध्यवस्तीतला रस्ता. पुण्यात फ्लॅटमध्ये राहून गावच्या सातबाऱ्यावर नाव राखणारी मंडळी डोळ्यांसमोर आणा, लगेच कळेल.

दुधाचं प्रकरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. पोलंडच्या ईशान्येला पोद्लास्ये नावाचा भाग आहे, तिथे आपल्यासारखेच सहकारी दूध संघ आहेत. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे दुधात मिलिलिटरला जिवाणू एक लाखाच्या आत आणि सोमॅटिक पेशी (गाईच्या अंगातून दुधात उतरणाऱ्या पेशी) चार लाखांच्या आत हव्यात. गोठ्यात तीन गाई, हाताने धार काढून कॅन विहिरीच्या पाण्यात ठेवणाऱ्याला हे जमणं शक्य नव्हतं. बल्क कूलर, मिल्किंग मशीन, काँक्रीटचा गोठा यांना अर्ध्यापर्यंत अनुदान होतं, पण उरलेला अर्धा भाग बँकेचं कर्ज. वीस-तीस गाई असतील तरच ते फिटणार. २००४ च्या सुमारास डेअरीला दूध घालणारे तीन लाखांवर होते. २०१५ येईपर्यंत त्यांच्यातले निम्म्याहून कमी उरले. दूध मात्र कमी झालं नाही, वाढलं. इतकं वाढलं की युरोपीय संघाने ठरवून दिलेला कोटा ओलांडला जाऊ लागला आणि कोट्याच्या शेवटच्या वर्षी पोलंडला १५ कोटी युरोंहून अधिक दंड बसला. म्लेकोविता आणि म्लेकपोल हे तिथले सहकारी संघ आज युरोपभर चीज आणि दूध पावडर विकतात. ज्यांची गुरं गेली त्यांच्यापैकी कित्येकांची मुलं मे २००४ मध्येच उघडलेल्या ब्रिटन-आयर्लंडच्या मजुरी बाजारात निघून गेली. हे यश म्हणायचं की अपयश, हे तुम्ही कोणत्या गोठ्यात उभे आहात त्यावर आहे.

डुकरांच्या बाबतीत तर मोठा देश असूनही पोलंड हरला. २००४ च्या आसपास पावणेदोन कोटी डुकरं होती, आज एक कोटीच्या आत. लाखो पिल्लं डेन्मार्कहून येतात, ती इथे फक्त वाढवली जातात. कोंबडीत मात्र पोलंड आज संघात पहिला. एकाच देशात, एकाच नियमांखाली.

आता माझ्या कामाचं. पोलंडमध्ये वर्षाला चाळीस लाख टनांच्या आसपास सफरचंद निघतं, युरोपात सर्वांत जास्त. त्यातलं जवळपास निम्मं आमच्यासारख्या कारखान्यांत जातं. संघाच्या पैशांतून या भागात जे उभं राहिलं ते थक्क करणारं आहे: ऑक्सिजन कमी ठेवून सफरचंद आठ-नऊ महिने टिकवणारी शीतगृहं, प्रतवारीच्या लाइन, नवे ट्रॅक्टर. शेतकऱ्यांचे उत्पादक गट बनवले तर इमारतीच्या खर्चाचा मोठा हिस्सा मिळायचा. काही गट खरोखर चालले, काही पैसे येईपर्यंतच कागदावर राहिले. त्यातल्या गैरप्रकारांपायी संघाचा कारभार बघणाऱ्या युरोपीय आयोगाने नंतर पोलंडकडून पैसे कापूनही घेतले.

पण २०१८ चं पीक आठवतं. मी इथे नवा होतो. त्या वर्षी हिमदंश झाला नाही आणि झाडं अक्षरशः वाकली. कारखान्याला जाणाऱ्या सफरचंदाचा भाव किलोला दहा-बारा ग्रोशवर (शंभर ग्रोशची एक झ्वॉटी) आला, म्हणजे आपले दोन रुपये. गेटबाहेर ट्रॉल्यांची रांग मुख्य रस्त्यापर्यंत. वजनकाट्यावर गाडी चढते, एक जण लांब पोकळ नळी मालात खुपसून नमुना काढतो, कुजलेलं किती ते बघतो, मग ट्रॉली मागे उचलली जाते आणि सगळी सफरचंदं पाण्याच्या पाटात पडून आत वाहत जातात. एक म्हातारे बागायतदार टेबलाशी येऊन पावतीकडे बघत राहिले. मी समजूत घालायला म्हणालो की यंदा अनुदानाची मदत होईल. ते म्हणाले, “ब्रुसेल्सचे पैसे डिसेंबरात येतील. आजच्या डिझेलचं बोल.” माझ्याकडे बोलायला काही नव्हतं, कारण तो भाव मी ठरवलेला नसला तरी तो लिहिलेल्या कागदावर सही माझीच होती.

संघाने त्यांना बाजार दिला, यंत्रं दिली, हेक्टरी पैसे दिले. विकणारे हजारो आणि घेणारे मोजके, हे गणित मात्र तसंच राहिलं. ते बदलतं फक्त जिथे शेतकरी स्वतः प्रक्रियेचा मालक असतो, पोद्लास्येच्या डेअऱ्यांसारखा.

संघात असण्याचा आणखी एक भाग म्हणजे संघाची भांडणं ही तुमची भांडणं होतात. रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतल्यावर संघाने रशियावर निर्बंध लादले, त्याला उत्तर म्हणून ऑगस्ट २०१४ मध्ये रशियाने युरोपचा शेतमाल बंद केला. तेव्हा पोलंडच्या सफरचंद निर्यातीतला निम्म्याहून जास्त माल रशियात जात होता. ऐन तोडणीच्या तोंडावर. लोकांनी ‘सफरचंद खा, पुतिनला खिजवा’ अशी मोहीम काढली, संघाने माल बाजारातून उचलून अनाथाश्रमांना वाटायला पैसे दिले, निर्यातदारांनी इजिप्तपासून भारतापर्यंत नवे ग्राहक शोधले. वाशीच्या बाजारात पोलंडचं सफरचंद दिसतं त्यामागे हाही इतिहास आहे.

मग २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर संघाने युक्रेनच्या मालावरचं शुल्क माफ केलं. काळ्या समुद्रातून अडलेलं धान्य रेल्वेने पोलंडमध्ये आलं आणि बरंचसं पुढे जाण्याऐवजी इथेच विकलं गेलं. गव्हाचे भाव पडले, एप्रिल २०२३ मध्ये कृषिमंत्री हेन्रिक कोवाल्चिक यांना जावं लागलं, पोलंडने आयातच थांबवली. व्यापाराचे निर्णय ब्रुसेल्सने घ्यायचे असतात, त्यामुळे यावरून संघाशी मोठी खडाजंगी झाली. गंमत म्हणजे युक्रेन संघात आला तर काय होईल याबद्दल पोलिश शेतकरी आज जे बोलतात, ते २००३ मध्ये फ्रेंच शेतकरी पोलंडबद्दल बोलत होते. स्वस्त जमीन, स्वस्त मजुरी, आम्ही कसे टिकणार.

एकूण हिशेब? पोलंडची अन्न आणि शेतमालाची निर्यात २००४ मध्ये सुमारे ५ अब्ज युरो होती, २०२३ मध्ये ५० अब्जांवर गेली. एक हेक्टरच्या वरची शेतं २००२ मध्ये साडेएकोणीस लाख होती, २०२० मध्ये तेरा लाखांच्या आसपास. सरासरी शेत आठ हेक्टरवरून अकराच्या पुढे गेलं. माझ्या मते पोलंडने जाऊन चांगलंच केलं, आणि इथले बहुतेक शेतकरीही शिव्या देत देत हेच म्हणतील.

राहिला भारत. आपल्यासमोर आलेला सगळ्यात मोठा प्रस्ताव आरसेपचा, म्हणजे आशिया-प्रशांत भागातल्या देशांच्या मुक्त व्यापार कराराचा होता, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये आपण त्यातून बाहेर राहिलो. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाची दूध पावडर येईल ही दूध संघांची भीती त्यामागचं एक मोठं कारण होती. पण आरसेप आणि युरोपीय संघ यांची तुलना करू नका. आरसेपमध्ये बाजार उघडायचा होता. गोठा सुधारायला, शीतगृह बांधायला पैसे देणारी सामाईक तिजोरी त्यात नव्हती. पोलंडचा शेतकरी आठ हेक्टरवर लहान मानला जातो. महाराष्ट्रातलं सरासरी खातं २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टर होतं.

आणि नियम तर संघाबाहेर राहूनही चुकत नाहीत. २०१० मध्ये आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपात कंटेनर अडकले, तेव्हा आमच्या भागातले बागायतदार कर्जात गेले. पुढे त्यांनी फवारणीची वही ठेवायला सुरुवात केली, प्रयोगशाळेत तपासण्या करून घेतल्या, आज तीच द्राक्षं युरोपात जातात. तेच काम करायला पोलंडच्या बागायतदाराला अर्धे पैसे ब्रुसेल्समधून आले होते, आमच्या लोकांनी बहुतेक सगळे स्वतःचे घातले. त्यामुळे उद्या कोणत्याही कराराची बातमी आली तर आयात शुल्काच्या टक्क्यांआधी हे बघा की बदलाचा खर्च कोण उचलणार आहे, आणि किती वर्षं.