बर्म्युडाला येताय? मग इथला स्वातंत्र्याचा वाद आधी समजून घ्या

नमस्कार. तुमच्या प्रश्नाचा गाभा मला असा कळला: राजधानी हॅमिल्टनमधल्या एका पुनर्विमा (विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या) कंपनीने तीन वर्षांच्या कराराची ऑफर दिली आहे, सोबत पत्नी आणि शाळकरी मुलगी येणार, आणि इथला सत्ताधारी पक्ष ब्रिटनपासून स्वातंत्र्य मागणारा आहे असं तुमच्या वाचनात आलं. मध्येच बेट स्वतंत्र झालं तर नोकरीचं, पैशाचं, कामाच्या परमिटचं काय, ही तुमची काळजी. मी इथे बरीच वर्षं आहे आणि विम्याच्याच क्षेत्रात आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

थेट उत्तर आधी देते. तुमच्या कराराच्या काळात बर्म्युडा स्वतंत्र होईल असं मला अजिबात वाटत नाही. पगार बर्म्युडा डॉलरमध्ये मिळेल. तो अमेरिकन डॉलरशी एकास एक बांधलेला आहे. पण एवढ्यावर विषय सोडू नका. स्वातंत्र्याच्या वादाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे, या बेटावर हक्क कुणाचा, आणि तो थेट तुमच्या परमिटपर्यंत पोचतो.

बर्म्युडा हा उत्तर अटलांटिकमधला, ब्रिटनच्या अखत्यारीतला पण अंतर्गत कारभार स्वतः बघणारा प्रदेश. बेट केवढं, तर साधारण ५३ चौरस किलोमीटर, लोकसंख्या चौसष्ट हजारांच्या आसपास. गव्हर्नर लंडनहून नेमला जातो आणि परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, पोलीस या गोष्टी त्याच्या हातात असतात. बाकी कारभार निवडून आलेलं सरकार बघतं. इथली संसद १६२० पासून आहे, त्याचा अभिमान जागोजागी दिसतो. पण मालमत्तेची अट नसलेल्या, प्रत्येक प्रौढाला समान मत देणाऱ्या पद्धतीने पहिली निवडणूक झाली ती थेट १९६८ साली. बहुसंख्य जनता गुलामांच्या वंशातली कृष्णवर्णीय, आणि जमीन, व्यापार, मत हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या मूठभर गोऱ्या घराण्यांकडे. १९५९ पर्यंत सिनेमागृहांतसुद्धा बसायच्या जागा वर्णानुसार वेगळ्या होत्या. लोकांनी बहिष्कार घातला तेव्हा कुठे ते थांबलं. ज्यांनी हे सोसलं ते आज आजी-आजोबा म्हणून तुमच्या शेजारी राहतात, हे इथलं राजकारण ऐकताना विसरू नका.

पक्ष जन्मले ते याच काळात. कामगार चळवळीच्या बळावर १९६३ मध्ये प्रोग्रेसिव्ह लेबर पार्टी निघाली. तिला सगळे पीएलपी म्हणतात. पुढच्याच वर्षी हेन्री टकर यांनी युनायटेड बर्म्युडा पार्टी, म्हणजे यूबीपी, उभी केली. १९६८ मध्ये यूबीपीने ४० पैकी ३० जागा घेतल्या आणि पुढे तीस वर्षं सत्ता सोडली नाही. त्यातली एक गोष्ट पीएलपीची जुनी मंडळी अजून सांगतात: बाहेरून नोकरीला आलेल्या ब्रिटिश प्रजाजनांना तेव्हा तीन वर्षं राहिलं की मत मिळायचं, आणि ते मत यूबीपीच्या पारड्यात पडायचं हे उघड होतं. ती वाट पुढे बंद झाली; फक्त १ मे १९७६ ला मतदार यादीत असलेल्या परदेशी रहिवाशांचा हक्क राहिला. आज परमिटवर आलेल्यांना मत नाही, ते यातूनच.

सत्तरचं दशक फार कडवट होतं. मार्च १९७३ मध्ये गव्हर्नर रिचर्ड शार्पल्स यांची हत्या झाली. डिसेंबर १९७७ मध्ये, ही हत्या आणि त्या काळातले इतर खून या प्रकरणांतल्या दोघा कृष्णवर्णीयांना फाशी दिल्यावर दंगली उसळल्या आणि बाहेरून सैनिक आणावे लागले. नंतर नेमलेल्या लॉर्ड पिट आयोगाने सुचवलं की बेटाने स्वातंत्र्याकडे जावं. झालं मात्र काहीच नाही.

मग आलं १९९५. सार्वमत मागितलं ते यूबीपीचे पंतप्रधान सर जॉन स्वान यांनी. त्यांचाच पक्ष यावरून दुभंगलेला होता. आणि फार आधीपासून स्वातंत्र्याच्या बाजूने असलेल्या पीएलपीने मतदानावर बहिष्कार पुकारला, कारण हा निर्णय सार्वत्रिक निवडणुकीतून व्हावा अशी तिची भूमिका होती. तारीख ठरली होती १५ ऑगस्ट. (हो, आपलीच तारीख.) पण फेलिक्स चक्रीवादळ आलं आणि मतदान दुसऱ्या दिवसावर गेलं. मतदान केलेल्यांपैकी जवळपास ७४ टक्के लोकांनी विरोधात कौल दिला आणि स्वान यांनी राजीनामा दिला.

खरी गंमत पुढे आहे. तीनच वर्षांनी, नोव्हेंबर १९९८ मध्ये, याच मतदारांनी जेनिफर स्मिथ यांच्या नेतृत्वाखालच्या पीएलपीला २६ विरुद्ध १४ अशी सत्ता दिली. बाहेरच्याला हे विसंगत वाटतं. आपल्याला वाटू नये, कारण आपण गोवा पाहिला आहे. जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोमंतकीयांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला, आणि लगेच झालेल्या निवडणुकीत विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच निवडून दिलं. भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. लोकांना तो पक्ष आपला वाटत होता. त्याची ती एक मागणी मान्य असायलाच हवी असं नव्हतं. बर्म्युडातही पीएलपीला मत म्हणजे स्वातंत्र्याला मत, असं समजू नका.

त्यानंतर २००४-०५ मध्ये ॲलेक्स स्कॉट यांच्या सरकारने स्वातंत्र्यावर आयोग नेमला, अहवाल आला, चर्चा झाली आणि विरली. त्याआधीच, २००२ मध्ये, बर्म्युडियनांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व मिळालं होतं. मुलांना ब्रिटनमध्ये राहता-शिकता येणं हा लाभ कोणता पालक सहज सोडेल? विमा कंपन्यांनाही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे अशा प्रदेशांसाठीच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, अपील जाणारी न्यायव्यवस्था हवीशी वाटते. दरम्यान यूबीपी संपली. २०११ मध्ये तिच्यातून आणि आणखी एका पक्षातून वन बर्म्युडा अलायन्स, ओबीए, तयार झाली. २०१२ मध्ये ती सत्तेवर आली, २०१७ मध्ये हरली. तेव्हापासून पीएलपीचे डेव्हिड बर्ट पंतप्रधान आहेत. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत ३६ पैकी २५ जागा त्यांच्या.

तरी ठिणगी विझलेली नाही. लंडनने स्थानिक कायद्यात हात घातला की ती पेटते. २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेने कंपन्यांच्या खऱ्या मालकांची नोंद खुली करण्याची सक्ती बर्म्युडासारख्या आपल्या सागरपार प्रदेशांवर केली, तेव्हा इथे दोन्ही बाजूंचे लोक भडकले. २०२२ मध्ये इथल्या विधिमंडळाने संमत केलेल्या गांजा परवाना विधेयकाला लंडनच्या सूचनेवरून गव्हर्नरने मंजुरी नाकारली. निवडून दिलेल्यांनी केलेला कायदा न निवडलेल्या माणसाने अडवायचा, हा अपमान मला परकी असूनही कळतो.

आता तुमच्याशी थेट संबंध असलेला भाग. मार्च २०१६ मध्ये ओबीए सरकारने दीर्घकाळ राहिलेल्या परकीयांना बर्म्युडियन दर्जाची (म्हणजे मतासकट इथलं मानलं जाण्याच्या हक्काची) वाट मोकळी करणारं विधेयक आणलं. लोकांनी कामं बंद ठेवून संसदेला वेढा घातला आणि सरकारला ते मागे घ्यावं लागलं. त्या गर्दीला परकीयांचा द्वेष म्हणणं सोपं आहे, पण मला ते अन्यायाचं वाटतं. ज्या बेटावर मताचा हक्क इतक्या उशिरा मिळाला, तिथे मतदार यादी बाहेरच्यांनी भरली जाण्याची भीती पोकळ नसते. तेव्हा कायमचं इथलं होण्याचा हिशेब मनात धरून येऊ नका. मूल इथे जन्मलं म्हणून बर्म्युडियन होत नाही. परमिट त्या कंपनीच्या त्या पदापुरतं असतं, आणि पात्र बर्म्युडियन उमेदवार मिळतो का हे जाहिरात देऊन आधी तपासावं लागतं. घर-जमीन घेण्यावर परक्यांना कडक बंधनं आहेत; भाड्यानेच राहाल.

ऑफिसात किंवा क्लबात नवे आलेले लोक चटकन म्हणतात, "ब्रिटन सोडून यांना काय मिळणार?" ते तुम्ही म्हणू नका. तसंच "आम्ही इंग्रजांना घालवलं, तुम्ही का घाबरता?" हेही नको. एका मतदारसंघात बाराशे-तेराशे मतदार असतात आणि उमेदवार दारोदार फिरून नावानिशी विचारपूस करतात. इथे प्रत्येक जण कुणाचा तरी चुलतभाऊ असतो, बोललेलं पोचतं. दुकानात, बसमध्ये शिरलात की आधी "गुड मॉर्निंग" म्हणा, मग काम सांगा. तसं न करणं खरोखर उद्धटपणा मानतात. ऑगस्टच्या तोंडावर बेटाच्या दोन टोकांच्या क्लबांचा, सॉमरसेट विरुद्ध सेंट जॉर्जेस असा कप मॅचचा दोन दिवसांचा क्रिकेट सामना असतो, गुलामीमुक्तीच्या सुट्टीला जोडून. तिथे जाऊन बसा. गप्पा आपोआप सुरू होतात, आणि २००७ च्या विश्वचषकात बर्म्युडाच्या लेव्हरॉकने भारताच्या उथप्पाचा घेतलेला झेल तुम्हाला कुणीतरी ऐकवणारच.

घर बघताना घराखालच्या पाण्याच्या टाकीची चौकशी करा. पांढऱ्या, पायऱ्यापायऱ्यांच्या चुनखडी छपरावरचं पावसाचं पाणी त्या टाकीत साठतं आणि तेच वापरायचं असतं. ती आटली की टँकर मागवायचा, त्याचा खर्च कुणाचा हे भाडेकरारात लिहून घ्या. भारतातून थेट विमान नाही, त्यामुळे वाटेतल्या देशांचे व्हिसा तिघांचेही आधी काढा. आणि तुमच्या पत्नीला इथे नोकरी करायची असेल, तर तुमच्या परमिटवर ती करता येणार नाही. त्यांना स्वतंत्र परमिट लागेल आणि काही कामं फक्त बर्म्युडियनांसाठी राखीव आहेत. त्या काय काम करतात ते कळवा, म्हणजे त्याबद्दल नेमकं सांगता येईल.