रविवारच्या आधीचा मंगळवार

डिसेंबर लागला, शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या मुलांनी कॉलेजांशी करार करायचे दिवस आले, की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. "मुलगा एवढा चांगला खेळतो, तर कॉलेजात तीन वर्षं कशाला घालवायची? शाळा झाली की थेट प्रोफेशनल का नको?"

मी समुपदेशक, अमेरिकेत डॅलसच्या उपनगरात राहते. इथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, चेंडू काखेत मारून पळायचा तो. शेजारच्या ॲलन गावात शाळेचं स्टेडियम १८,००० माणसांचं आहे, सहा कोटी डॉलर खर्चून बांधलेलं. शुक्रवारी रात्री एवढा जमाव ज्याच्या नावाने ओरडतो, त्या सतरा वर्षांच्या पोराला कॉलेज म्हणजे वाटेतला धोंडा वाटला तर नवल नाही. हल्ली क्वचित एखाद्या मराठी घरातूनही हा प्रश्न येतो. अशाच एका घराची ही गोष्ट. ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीला बाबा लॅपटॉप घेऊन आले. एक्सेलमध्ये मुलाचं वय, वजन, धावण्याची वेळ, सगळं होतं. पुढे वयाच्या तिशीपर्यंतची कमाई. मुलगा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धडका सोसत पळणारा. तो शेजारी बसून दातांत धरायचं माउथगार्ड बोटांत फिरवत होता. कडा चावून चावून पार चपट्या झाल्या होत्या.

"ताई, बास्केटबॉलचा कोबी ब्रायंट १९९६ साली शाळेतून थेट एनबीए लीगमध्ये गेला. २००३ साली लेब्रॉन जेम्स. बेसबॉलवाले तर अजूनही शाळेतून पोरं उचलतात. मग फुटबॉललाच का आडकाठी? कॉलेजात तीन वर्षं फुकट मार खायचा, आणि गुडघे गेल्यावर पगार सुरू?"

बाबांच्या म्हणण्यात तथ्य होतं, ते मी मान्य केलं. बास्केटबॉलने ते दार २००५ साली लावून घेतलं हे खरं, पण रनिंग बॅकची उमेद थोडक्या वर्षांची असते हेही खरंच. मोठ्या कॉलेजांनी मुलांच्या जिवावर वर्षानुवर्षं रग्गड कमावलं. एनएफएल या प्रोफेशनल फुटबॉल लीगलाही खेळाडू आयते तयार होऊन मिळतात, नियम तिच्या सोयीचाच आहे. पण तो आहे: शाळा सोडून तीन वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेऱ्यांत, नाव घेत नाहीत. मॉरिस क्लॅरेट या रनिंग बॅकने त्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली होती. ओहायो स्टेट या कॉलेजला पहिल्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा पोरगा. २००४च्या फेब्रुवारीत खालच्या कोर्टात जिंकला, मे महिन्यात वरच्या कोर्टात हरला. पुढच्या वर्षी डेन्व्हरच्या संघाने त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं आणि मोसम सुरू होण्याआधीच सोडून दिलं. एनएफएलचा एकही अधिकृत सामना तो खेळला नाही.

आणि 'फुकट' हा शब्द आता जुना झाला. २०२१च्या जुलैपासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येतात. २०२५पासून कॉलेजंही आपल्या उत्पन्नातला वाटा थेट देऊ शकतात. बाबांनी हे आकडेही शीटमध्ये भरले. पण "तरीसुद्धा" काही सुटेना.

मग मला वाटलं, नियमावर बोलणं बास. उद्या नियम उठला तर? तर हे घर काय करेल? पालकांनी खरं तर हाच प्रश्न आधी स्वतःला विचारावा. नियम आपल्या वतीने 'नाही' म्हणतो, त्यामुळे घरात जे बोलायचं असतं ते राहूनच जातं.

इथे शाळेचा सामना शुक्रवारी, कॉलेजचा शनिवारी, एनएफएलचा रविवारी. सगळ्या घरांचं स्वप्न रविवारचंच. त्या दिवशी मी मुलाला विचारलं, "समज, नियम गेला. तू अठरा वर्षांचा, एनएफएलमध्ये. मला रविवार नको सांगूस. मंगळवार सांग."

"मंगळवारी सुटी असते बहुतेक टीम्सना," तो म्हणाला.

"मग सुटीचं सांग."

तो सांगू लागला. सकाळी बर्फ, मसाज. दुपारी थोडी झोप. "मग टीममधले बाकीचे घरी जातील. त्यांची मुलं असतात, बायका असतात." माउथगार्ड फिरायचं थांबलं. "मावशी, मी जेवणार कोणाबरोबर?"

आम्ही तिघंही गप्प होतो. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडू नये, हे मला शिकायला दहा वर्षं लागली.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, "आणि समोरचा तीस वर्षांचा असेल. मला भीती वाटते, बाबा. मी सांगितलं नाही, कारण तुम्ही शीट बनवलं होतं."

बाबांनी लॅपटॉप मिटला. मग माझ्याकडे न बघता बोलू लागले. २००१ साली सांगलीहून आले तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. अपार्टमेंटमध्ये गादी आणि कुकर. रविवारी फोनकार्डावर आईशी वीस मिनिटं बोलायचे. बाकी सहा दिवस मराठी शब्द कानावर पडायचा नाही. "मी तेवीसचा होतो," ते पुन्हा म्हणाले. "आणि मला कोणी धडका मारत नव्हतं."

घरात माणसाला घाई होते ती बहुधा भीतीपोटी. बाबांना गुडघ्याची भीती, मुलाला बाबांना नाराज करायची. दोन्ही भित्या एकाच शीटमध्ये दडून बसल्या होत्या. त्या उघड्या पडायला एक साधा मंगळवार पुरला, याचं मला आजही बरं वाटतं.

म्हणून आता विचारणाऱ्यांना मी स्वच्छ सांगते: नियम नसता तरी मी 'नको'च म्हटलं असतं. अठराव्या वर्षी हाडं, मान, खांदे अजून भरत असतात; मेंदूची घडण तर विशीच्या मध्यापर्यंत चालते, आणि हा खेळ डोक्यावर येणाऱ्या धक्क्यांचा आहे. देशभरात शाळांतून दहा लाखांच्या आसपास मुलं फुटबॉल खेळतात. ड्राफ्टच्या सात फेऱ्यांत घेतात जेमतेम अडीचशेवर. कॉलेजात निदान पडायला जागा असते, दुखापतीचं वर्ष बाजूला ठेवता येतं, जेवायला बरोबरीची पोरं असतात. घाईने एजंट धरू नका. २००४ साली क्लॅरेटचा खालच्या कोर्टातला निकाल बघून यूएससी या कॉलेजच्या माइक विल्यम्सने धरला आणि त्या वर्षीची एनएफएलही गेली, कॉलेजचं वर्षही गेलं. आणि मुलाशी बोलताना एकदा तरी आकडे बाजूला ठेवा.

त्या मुलाने पुढे तीन कॉलेजं पाहिली. प्रत्येक कोचला विचारलं, मंगळवारी रात्री खेळाडू कुठे जेवतात? दोघं हसले. तिसऱ्याने त्याला मेसमध्ये नेऊन पोरांच्या टेबलावर बसवलं. पैसे त्या कॉलेजचे सर्वांत कमी होते. बाबा त्यावरून अजून कुरकुरतात. दिवाळीला मात्र चकल्यांचा डबा आला, आणि त्यावर 'मंगळवारसाठी' असं लिहिलं होतं, मुलाच्या वाकड्यातिकड्या मराठीत.