केसात औषध सापडतं, डोस नाही

प्रश्न : प्रवासात चहातून गुंगीचं औषध दिल्याचा संशय आहे. आठवडा उलटला. आता तपासणीचा उपयोग होईल?

होईल, पण रक्त-लघवीचा नाही. झोल्पिडेमसारखी झोपेची गोळी रक्तात काही तास, लघवीत फार तर दोनेक दिवस सापडते. केस मात्र महिन्याला साधारण 1 सेंमी वाढतो आणि मुळाशी तयार होताना रक्तातलं औषध त्यात अडकतं. तो भाग टाळूच्या वर यायला हवा, म्हणून नमुना चार ते सहा आठवड्यांनी घेतात. तोवर केस कापू नका, रंगवू नका. तक्रार मात्र आजच द्या. घरी कापून पुडीत ठेवलेली बट कोर्टात टिकणं कठीण.

डोक्याच्या मागच्या बाजूची, पेन्सिलीएवढ्या जाडीची बट टाळूलगत कापून बांधतात, मुळाकडच्या टोकाला खूण करतात आणि फॉइलमध्ये कोरडी ठेवतात. खूण करायची राहून गेली तर काळाचा सगळा हिशेब गेला! मग केस धुऊन, तुकडे करून मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखणाऱ्या यंत्रावर, तपासतात. मोजमाप पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागात. मुळाजवळच्या तुकड्यात औषध आहे आणि पुढचे कोरे आहेत, तर संशयाला बळ मिळतं.

प्रश्न : मी केस नेहमी डाय करते. रिपोर्ट चुकेल?

ब्लीच आणि डायमुळे औषधाचं प्रमाण घटतं. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून औषध घेतलंच नव्हतं असं नाही. शिवाय बरीच औषधं मेलॅनिनला, म्हणजे केसाला काळेपणा देणाऱ्या रंगद्रव्याला, चिकटतात. एकाच डोक्यावरच्या काळ्या आणि पांढऱ्या केसांचे आकडेही वेगळे येतात.

प्रश्न : तिरुपतीला मुंडण झालंय. मग?

नखं आहेत. हाताची महिन्याला सुमारे 3 मिमी वाढतात, पायाची त्याच्या निम्म्याने किंवा त्याहून हळू. मेलॅनिनची भानगड जवळपास नाही. पण औषध नखाच्या मुळातून येतं तसं खालच्या त्वचेतून आणि घामातूनही शिरतं, त्यामुळे तारखेचा अंदाज पुसट होतो.

प्रश्न : वडील वारले. विमा कंपनी म्हणते, त्यांनी फिटच्या गोळ्या सोडल्या होत्या. केसांवरून खोडता येईल?

गोळ्या घेत होते, एवढं बहुधा दाखवता येईल. रोज एक की अर्धी, हे कुणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. त्यांच्याच केसांचे जुने-नवे तुकडे शेजारी ठेवून घेण्यात खंड पडला का, एवढं पाहता येतं. मृतदेह कुजला असेल तर तेही अवघड, कारण झिरपणारा द्रव केसाला लागून औषध बाहेरूनच आत जातं.