पावसाळ्याआधी कोणत्या मशीनवर चढायचं?

वाचकांचे प्रश्न : पवनऊर्जा

प्रश्न : सर, मी साक्री तालुक्यातल्या एका पवनऊर्जा प्रकल्पावर मेंटेनन्स इंजिनिअर आहे. आमच्याकडे सगळ्या मशीनना, म्हणजे पवनचक्क्यांना, एकच चेकलिस्ट, दर सहा महिन्यांनी. यंदा माणसं कमी केली आणि वरून निरोप आला, 'रिस्क बघून प्लॅन करा.' मी मागच्या तीन वर्षांचे ब्रेकडाऊन मोजले. सगळ्यात वर आले वाऱ्याचे सेन्सर, गिअरबॉक्स पार तळाला. मग गिअरबॉक्सवरचा वेळ कमी करू का?

उत्तर : अजिबात करू नका. तुम्ही बिघाड किती वेळा झाला तेवढंच मोजलंत. जोखीम काढताना ती शक्यता एका बाजूला आणि बिघाड झाल्यावर बसणारा फटका दुसऱ्या बाजूला धरून दोन्हींचा गुणाकार करतात. जर्मनीत १९८९ ते २००६ या काळात सरकारी कार्यक्रमाखाली पवनचक्क्यांच्या दुरुस्त्यांची पद्धतशीर नोंद ठेवली गेली. त्यातही हेच दिसलं : इलेक्ट्रिकल आणि कंट्रोलचे बिघाड सतत होतात, पण लवकर आवरतात. गिअरबॉक्स, जनरेटर क्वचित जातात, पण मशीन दिवसच्या दिवस उभं ठेवतात.

आता हे आपल्या डोंगरावर आणून बघा. समजा, १२५० किलोवॅटचं मशीन जुलैत सरासरी निम्म्या क्षमतेने चालतंय. म्हणजे दिवसाला १५,००० युनिट. सेन्सर गेला, सहा तासांत बदलला, तर बुडाले ३,७५० युनिट. हंगामात आठ वेळा गेला तरी ३०,०००. गिअरबॉक्स जुलैत बसला, घाटरस्ता चिखलाने भरलाय, मोठी क्रेन वर चढत नाही आणि मशीन सहा आठवडे बंद राहिलं, तर ६,३०,००० युनिट गेले. गिअरबॉक्सची आणि क्रेनची किंमत वेगळीच. हाच बिघाड वारा पडलेला असताना झाला आणि मशीन तेव्हा दिवसाला ३,००० युनिट देत असेल, तर तेवढ्याच दिवसांत १,२६,००० युनिट जातील. तोच बिघाड, पण नुकसान एक पंचमांश!

म्हणून तुमच्या तक्त्यात शक्यता आणि फटका यांच्याबरोबर महिन्याचाही रकाना हवा. वारा दीडपट झाला की त्यातली शक्ती तिपटीहून जास्त होते, आणि आपल्याकडे वर्षाची बहुतेक कमाई जून ते सप्टेंबरमध्ये होते. परदेशी मॅन्युअलमध्ये हा रकाना सापडणार नाही, तो तुम्हालाच आखावा लागेल.

गुण देण्याची रूढ पद्धत तुम्हाला माहीत असेलच : गंभीरता, वारंवारता आणि आधी कळण्यातली अडचण यांना १ ते १० गुण द्यायचे आणि गुणाकार करायचा. ती वापरा, पण उत्तर डोळे मिटून घेऊ नका. पात्याच्या मुळाशी गेलेली भेग ९ × २ × ५ = ९०. वाऱ्याचा सेन्सर ३ × १० × ३ = ९०. कागदावर दोन्ही सारखे. गंभीरता ८ किंवा त्याहून जास्त असेल ती ओळ बेरीज-गुणाकाराच्या बाहेर काढून हाताने तपासा, असं मी माझ्या साइटवरच्या मुलांना नेहमी सांगत आलो.

पिचच्या, म्हणजे वीज गेल्यावर पात्यांचा कोन बदलणाऱ्या, बॅटऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला सगळ्यात काळजी त्यांची आहे. बॅटरी मेली तरी मशीन खुशाल चालत राहतं. ग्रिड गेल्यावर मशीन थांबवायला पाती वाऱ्यातून फिरवून घ्यायची वेळ येते तेव्हाच ते कळतं. आणि डोंगरावरचा फीडर, म्हणजे वीज वाहून नेणारी लाइन, ट्रिप कधी होतो? भर पावसात, वारा सगळ्यात जोरात असताना. म्हणजे ज्या दोन गोष्टी एकत्र येऊ नयेत, त्या आपल्याकडे नेमक्या एकत्र येतात. तिन्ही पात्यांची व्यवस्था स्वतंत्र असते हे खरं, पण तिन्ही बॅटऱ्या एकाच दिवशी, एकाच लॉटमधून बसवल्या असतील तर एप्रिल-मेच्या उन्हात त्या एकदमच थकतात. नुसतं व्होल्टेज बघून सही करू नका. मेअखेर प्रत्येक मशीनवर बॅटरीच्या जोरावर पाती पूर्ण फिरवून बघा, लागलेला वेळ लिहा. या एका कामात काटछाट नको.

मग वेळ वाचवायचा कुठे? शेजारच्या मशीनशी तुलना करून. एकाच वाऱ्यात, एकाच लोडवर बाजूच्या चार मशीनपेक्षा ज्याचं बेअरिंग सतत गरम, त्यावर आधी चढा. ज्याचे ऑइल रिपोर्ट स्थिर आहेत, तापमान सरळ आहे, त्याची सुरक्षेपलीकडची कामं ऑक्टोबरनंतर ढकला आणि का ढकलली ते एका ओळीत लिहून ठेवा. कंपन मोजणाऱ्या यंत्रणेवर सरसकट विसंबू नका. वेगाने फिरणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग ती लवकर पकडते. संथ फिरणारं मेन बेअरिंग आणि प्लॅनेटरी स्टेज (गिअरबॉक्सचा संथ टप्पा) तिला उशिरा कळतात. तिथे ग्रीसचं सॅम्पल आणि बोरोस्कोप (आत घालून बघायचा बारीक कॅमेरा) लागतोच.

गिअरबॉक्सच्या तेलातले लोखंडी कण धरणारा मॅग्नेटिक प्लग काढाल तेव्हा पुसून टाकू नका. त्यावरचा काळा लेप पांढऱ्या कापडावर घेऊन बोटाने पसरा. शाईसारखा मऊ पसरला तर ती नेहमीची झीज. बोटाला खरखर लागली, उन्हात धरल्यावर चपटे कण चमकले, तर बेअरिंगचा किंवा दाताचा पृष्ठभाग सोलवटतोय. फोटो काढा, कापड तारीख टाकून पिशवीत ठेवा आणि ते मशीन यादीत सगळ्यात वर घ्या.

प्रश्न : गुंतवणूक म्हणून घेतलेली आमची एकच पवनचक्की आहे, साताऱ्याच्या पठारावर. वीस वर्षं होत आली. कंत्राटदार म्हणतो, गिअरबॉक्स आताच बदलून टाका. काय करावं?

उत्तर : नुसत्या वयावरून बदलू नका. त्यांच्याकडून मागच्या काही वर्षांचे ऑइल रिपोर्ट एकाखाली एक मांडून मागा आणि प्लॅनेटरी स्टेजचे बोरोस्कोप फोटो बघायला मागा. दात सोललेले दिसले तर काम मार्चच्या आत उरका. रस्ता कोरडा असतो, वारा कमी असतो. आणि क्रेनचा खर्च करारात कोणाच्या माथी आहे ते सही करण्याआधी वाचा.

प्रश्न : मी टेक्निशियन आहे. नव्या प्लॅनमध्ये शिडीवरच्या फॉल अरेस्टरची (पडताना माणसाला धरून ठेवणाऱ्या साधनाची) आणि रेस्क्यू किटची वार्षिक तपासणी 'कमी जोखीम' म्हणून दोन वर्षांवर नेली आहे. बरोबर आहे का?

उत्तर : चूक आहे. हे साहित्य माणसाला खाली सुखरूप आणण्यासाठी असतं, त्याला युनिटच्या हिशेबात आणायचंच नाही. तेच ओव्हरस्पीड ट्रिपचं (वेग फार वाढला की मशीन थांबवणाऱ्या यंत्रणेचं) आणि इमर्जन्सी स्टॉपचं. तपासणीची तारीख उलटली असेल तर त्या टॉवरवर चढू नका, जॉब कार्डावर तसं कारण लिहा आणि साइट इन्चार्जची सही घ्या. सही द्यायला नकार दिला तर तेही लिहा, आणि कार्डाचा फोटो स्वतःजवळ ठेवा.