मिझुकी एकोणतीस वर्षांचा होता तेव्हा

तुझे प्रश्न दोन आहेत. पहिला: वय एकोणतीस, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, रात्री जागून मांगा, म्हणजे जपानी धाटणीच्या चित्रकथा, काढतेस, जपानमधले लोक विशीतच सुरुवात करतात, मग आता उशीर झाला का? दुसरा तू जाता जाता विचारलास: आजीकडून ऐकलेल्या कोकणातल्या भुतांची गोष्ट बाजूला ठेवून शाळा, गणवेश, तोक्यो असलं काही काढावं का, कारण 'तेच चालतं' असं कुणीतरी सांगितलं.

'वय म्हणजे नुसता आकडा' असं बऱ्याच जणांनी वर लिहिलंय. मला नाही पटत. साप्ताहिकाला दर आठवड्याला वीसेक पानं देणं हे अंगमेहनतीचं काम आहे, आणि विशीतलं शरीर ते जास्त सोसतं. पण मांगाकाची, म्हणजे मांगा काढणाऱ्याची, कारकीर्द म्हणजे तेवढंच, असं तू धरून चालली आहेस, तिथे गडबड आहे. म्हणून शिगेरु मिझुकी या जपानी मांगाकाबद्दल जरा सविस्तर लिहितो.

मिझुकीला पहिलं मोठं यश मिळालं 1965 साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. हे वाक्य जिथेतिथे प्रेरणादायी म्हणून फिरतं, आणि त्यातून असं वाटतं की गडी त्रेचाळीस वर्षं खिडकीत बसून होता. प्रत्यक्षात तोवर त्याच्या पायाखालून दोन धंदे बुडाले होते.

जन्म 1922 चा, बालपण तोत्तोरी प्रांतातल्या साकाइमिनातो या बंदराच्या गावात. घरी एक म्हातारी यायची, तिला सगळे नोननोनबा म्हणत. ही बाई पोराला योकाई, म्हणजे भुतंखेतं आणि चमत्कारिक जीव, यांच्या गोष्टी सांगायची. तिच्याबद्दल शेवटी परत येतो.

विशीत, दुसऱ्या महायुद्धात, सैन्यात भरती झाली आणि न्यू ब्रिटन बेटावर राबाउलला रवानगी झाली. तिथे एकदा पहाटे तो पहाऱ्यावर असताना तुकडीवर हल्ला झाला, बाकीचे सगळे मेले. हा समुद्रातून, जंगलातून जीव वाचवत तळावर परतला, तर साहेबांनी शाबासकी द्यायची सोडून झापलं: सगळे मेले, मग तू कसा पळून आलास? पुढे मलेरियाने आडवा झालेला असताना बॉम्बहल्ल्यात डावा हात गेला. भूल न देता कापावा लागला. जवळच्या तोलाई लोकांनी त्याला खाऊपिऊ घातलं, इतकी माया लावली की युद्ध संपल्यावर तिथेच राहायचं त्याच्या मनात होतं. परत येईन असं सांगून तो 1946 मध्ये जपानला गेला. शब्द पाळला, पण पंचवीसेक वर्षांनी.

जपानमध्ये एका हाताच्या माणसाला काय काम मिळणार? मासे विकले, चित्रकलेची शाळा धरली आणि सोडली, सायकलरिक्षाच्या धंद्यात हात घातला. मग कोबेमध्ये कर्ज काढून एक जुनी इमारत घेतली आणि खोल्या भाड्याने दिल्या. ती ज्या रस्त्यावर होती त्याचं नाव मिझुकी. त्याचं खरं आडनाव मुरा. टोपणनाव असं रस्त्यावरून उचललेलं. भाडेकरूंपैकी एक जण कामिशिबाईची चित्रं काढणारा निघाला, आणि मिझुकीही त्यात शिरला. तेव्हा त्याचं वय तुझ्याएवढंच होतं.

कामिशिबाई आपल्याला समजायला सोपं, कारण पिंगुळीची चित्रकथी आपल्याकडे आहे. एकेक चित्र समोर धरायचं आणि गोष्ट सांगायची. फरक इतकाच की कामिशिबाईवाला सायकलवरून यायचा, पोरांना गोड चिकट पाक विकायचा, आणि पाक घेणाऱ्याला गोष्ट ऐकायला मिळायची. चित्रं छापलेली नसत, हाताने रंगवलेला एकच संच असे आणि तो भाड्याने या सायकलवाल्याकडून त्या सायकलवाल्याकडे फिरे. म्हणजे चित्रकाराने रोज काढत राहायचं आणि पैसे जेमतेम. कितारो हे पात्र मिझुकीने इथेच, 1954 साली, हाती घेतलं. तेही मूळचं त्याचं नव्हतं. थडग्यात जन्मलेल्या पोराची कामिशिबाई युद्धाआधीपासून चालत आली होती, याने ती नव्याने रचली.

1953 मध्ये जपानात टीव्ही सुरू झाला आणि काही वर्षांत कामिशिबाई संपली. धंदा पहिला.

मग तो तोक्योला आला आणि काशिहोनमध्ये शिरला. काशिहोन म्हणजे भाड्याने वाचायला देण्यासाठी छापलेली पुस्तकं. आपल्या गल्लीतल्या लायब्रऱ्यांसारखी दुकानं, पण त्यांच्यासाठी वेगळे प्रकाशक. 1958 मध्ये 'रॉकेटमॅन' निघालं, वय पस्तीस. प्रकाशक छोटे, पैसे बुडवणारे किंवा स्वतःच बुडणारे. 1960 मध्ये कितारो पुस्तकात आला, खप नाही म्हणून दोन अंकांत बंद झाला, आणि एका वाचकाच्या तळमळीच्या पत्रामुळे पुन्हा सुरू झाला. पुढे मानधनावरून वाजलं, मिझुकी बाहेर पडला, तर प्रकाशकाने दुसऱ्या चित्रकाराकडून कितारो पुढे काढून घेतला! (मी दिवाळी अंकांना पंधरा वर्षं चित्रं देतोय. एका संपादकाने माझं मानधन तीन दिवाळ्या 'पुढच्या आठवड्यात' ठेवलं होतं. पण माझं पात्र तरी कुणी पळवलं नाही.)

1961 मध्ये लग्न, भेटल्यापासून पाच दिवसांत. बायको नुनोए शाई भरायला बसायची. खायला काळी पडलेली स्वस्त केळी. आयकरवाल्यांचा विश्वास बसेना की माणूस इतक्या कमी पैशांत जगतो, तेव्हा त्याने गहाणवटीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा समोर टाकला, असा किस्सा आहे. हे सगळं पुढे नुनोएबाईंनी 2008 मध्ये स्वतः पुस्तकात लिहिलं आणि 2010 मध्ये त्यावर मालिका झाली. मला मिझुकीइतकंच त्या बाईंचं कौतुक आहे, कारण आपण 'संघर्ष' म्हणतो त्याचं वाणसामान कुणीतरी भरत असतं. नोकरी सोडायची की नाही, हे ठरवताना हा परिच्छेद परत वाच.

मासिकं आणि टीव्ही वाढले तसा काशिहोनही आटला. धंदा दुसरा.

1964 मध्ये कात्सुइची नागाई यांनी 'गारो' मासिक काढलं, त्यात तो काढू लागला. मोठ्या 'शोनेन मॅगझिन'कडून अंतराळकथा काढाल का अशी विचारणा आली, तेव्हा तो म्हणाला, ते माझं क्षेत्र नाही. घरात गहाणवटीच्या चिठ्ठ्या असताना! संपादक नंतर परत आला, तुम्हाला हवं ते काढा म्हणाला, आणि 'तेरेबी-कुन' जन्माला आलं. टीव्हीच्या आत शिरून जाहिरातीतल्या वस्तू बाहेर काढणाऱ्या मुलाची गोष्ट. ज्या डब्याने पहिला धंदा खाल्ला, त्याच्याच पोटात हात घालून माल काढला म्हण ना. तिला 1965 चा कोदान्शा या प्रकाशनसंस्थेचा बालमांगा पुरस्कार मिळाला.

पुढचं भराभर सांगतो. कितारो 'शोनेन मॅगझिन'मध्ये आला, प्रतिसाद आधी थंड, मग चढत गेला. नावातली 'हाकाबा' म्हणजे स्मशान टीव्हीच्या जाहिरातदारांना नको होती, म्हणून ते 'गेगेगे नो कितारो' झालं. लहानपणी मिझुकीला स्वतःचं नाव नीट म्हणता येत नसे, त्यावरून पडलेल्या टोपणनावातला हा 'गेगे'. 1968 पासून 2018 पर्यंत जवळजवळ प्रत्येक दशकात त्याची नवी टीव्ही मालिका आली. स्टुडिओत योशिहारु त्सुगे आणि र्योइची इकेगामी यांच्यासारखे सहायक होते. 1973 मध्ये राबाउलच्या अनुभवावरची युद्धकथा आली. त्यातलं नव्वद टक्के खरं आहे, असं तो स्वतः म्हणतो. त्यात शेवटी सगळे मरतात. 2007 मध्ये त्या म्हातारीवरच्या 'नोननोनबा'ला फ्रान्समधल्या आंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवात सर्वोत्कृष्ट पुस्तकाचं पारितोषिक मिळालं; मांगाला ते पहिल्यांदाच. झोप मात्र त्याने कधी सोडली नाही. तेझुका आणि इशिनोमोरी हे दोन नामवंत मांगाका जागरणांच्या बढाया मारायचे, आणि दोघेही साठीत गेले, असं तो सांगायचा. स्वतः 2015 मध्ये त्र्याण्णवाव्या वर्षी गेला. रात्रीचे तीन वाजलेत असं तू पोस्टमध्ये लिहिलंयस, म्हणून सांगितलं.

आता दुसरा प्रश्न. कामिशिबाई गेली, काशिहोन गेलं, आणि दोन्हीकडून तिसरीकडे त्याच्याबरोबर जे आलं ते नोननोनबाच्या पोतडीतलं होतं. अंतराळकथा दुसरा कुणीही काढू शकत होता.

तुझ्या कामाचीही एक गोष्ट यात आहे. लोकसाहित्याचे अभ्यासक कुनिओ यानागिता यांनी योकाईंची एक सूची केली होती. त्यात फक्त वर्णनं, तीही दोनचार ओळींची, चित्र नाही. 'नुरिकाबे' म्हणजे रात्री वाटेत अचानक पुढे जाता येईनासं होतं, अदृश्य भिंत आडवी येते, बस. मिझुकीने त्याला हात, पाय, डोळे दिले आणि आज नुरिकाबे म्हटलं की जपानी पोराला तोच दिसतो. आपला चकवा याचाच भाऊबंद. रानात माणूस रात्रभर गोल फिरतो आणि पहाटे त्याच झाडापाशी येतो. चकव्याचा चेहरा कुणी काढलाय? मी तरी पाहिलेला नाही.

चित्रांचं तंत्रही बघ. पात्रं साधी, चार रेघांची. मागचं रान, दगड, पडकं घर मात्र ठिपक्याठिपक्याने फोटोसारखं. त्यामुळे भूत विनोदी दिसलं तरी जागा खरी वाटते. तू टाकलेल्या पानांत उलट केलंयस: देवचाराच्या, म्हणजे कोकणातल्या त्या राखणदार भुताच्या, अंगावर प्रत्येक स्नायू, आणि मागे नुसता करडा टोन. आजीचं परसू, विहीर, माडाची झापं यांचे फोटो काढून आण.

आणि देवचाराच्या पायात काही नाही, हे मला खटकलं. कितारोच्या पायात गेता, म्हणजे जपानी लाकडी खडावा, असतात, त्यांचा आवाज त्याच्याआधी पोचतो, वेळ पडली तर त्या उडत जाऊन शत्रूला बसतात. कोकणातल्या आरवलीच्या वेतोबा या ग्रामदैवताला लोक हातभर लांबीच्या चामडी वहाणा वाहतात, रात्री तो गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात असं मानतात. केळ्यांचे घडही वाहतात. तुझी आजी त्याच भागातली म्हणालीस ना? मग झिजलेल्या वहाणेचं एक पान काढून इथे टाक. आधी वहाण, मग तो.